परिच्छेद संपेपर्यंत

यज्ञेश्वरकाका जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि एका दुपारी ते भिंतीपलीकडे खोकले.

मी भांडी लावत होते. वाटी हातातच राहिली. मी काही घाबरट बाई नाही. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांना तोंडावर बोलते. पण तो खोकला मी वर्षानुवर्षं ऐकला होता. आधी घशात बारीक खरखर, मग दाबून धरलेला एक ठसका, आणि मग धरवत नाही म्हणून एकापाठोपाठ एक. तसं खोकणारं माणूस अख्ख्या कोथरूडमध्ये दुसरं नव्हतं. आणि त्या खोकल्याच्या आधी त्यांच्या बायकोचा, पद्मजाकाकूंचा, काहीतरी वाचण्याचा आवाज येत होता. स्वच्छ, ठाम, पूर्वीसारखा. काकूंना तर वर्षभर धड बोलताही येत नव्हतं.

म्हणजे जिचा आवाज गेला ती वाचत होती, आणि जो माणूस गेला तो खोकत होता. नवऱ्याला हाक मारण्यात अर्थ नव्हता. त्याने शांतपणे विचारलं असतं, “बीपीची गोळी घेतलीस का?” मी पदराला हात पुसले आणि शेजारची बेल दाबली.

आत जाण्याआधी काकूंबद्दल सांगायला हवं. पद्मजाकाकू नोकरी करायच्या विम्याच्या कचेरीत, पण त्यांचं खरं काम घरी चालायचं. अंध मुलांच्या एका संस्थेसाठी त्या क्रमिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. आधी कॅसेटवर, पुढे मोबाइलवर. इतिहास, अर्थशास्त्र, बी.एड.ची ती जीव खाणारी पुस्तकं, सगळं. एक पैसा घेतला नाही, आणि एक शब्दही चुकू दिला नाही. त्यासाठी समोर काका बसलेले असायचे. काका सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तकाची दुसरी प्रत मांडीवर घेऊन ते ओळीवरून बोट फिरवत बसायचे. काकूंचा एखादा काना-मात्रा इकडचा तिकडे झाला की टेबलावर टकटक. मग ते वाक्य पुन्हा.

खिडक्या बंद, कारण खाली स्कूटरी. पंखा बंद, कारण तो घरघरतो. एप्रिल-मेमध्येसुद्धा. आणि काकांना दमा. त्यातून काकूंनी नियम काढला होता: परिच्छेद संपेपर्यंत खोकायचं नाही. कॅसेटच्या काळात मध्येच खोकला आला तर मागे जाऊन जागा शोधत बसावं लागायचं, म्हणून. परिच्छेद संपला की काकू वाचायच्या थांबत, काकांकडे बघत, आणि काका खोकून घेत. तो खोकला फितीवर बारीक उमटायचा. शब्दांवर येत नाही म्हटल्यावर संस्थेनेही तो कधी कापला नाही.

मी एकदा अळूची भाजी द्यायला गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. काकू पेशवाईतली महसूलपद्धत वाचत होत्या. परिच्छेद दीड पानाचा असावा. काकांचा चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, तोंडावर रुमाल, आणि बोट मात्र ओळीवर. मला हसू आवरेना. सगळ्यांनाच यायचं. ‘आमच्याकडे खोकायलासुद्धा परवानगी लागते’ हा विनोद सोसायटीभर झाला होता, आणि तो सांगत फिरायचे स्वतः काकाच.

मग कळलं की नुसता दमा नव्हता. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं खोकला होता तर आधी का नाही आणलंत? घरात खोकला होता हे काकूंना माहीत होतं, पण तो त्यांच्या लेखी आजार नव्हता, व्यत्यय होता. काका गेले, वाचन थांबलं, आणि पाठोपाठ कंपवाताने काकूंचे हात धरले आणि आवाज नेला. बोलल्या तर तोंडाशी कान लावावा लागायचा.

अशात आयेशा आली. मुलगी भवानी पेठेतली, वडिलांचं चष्म्याचं दुकान, ही विद्यापीठात कॉम्प्युटर शिकणारी, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. विद्यापीठात हल्ली पदवीच्या मुलांनाही स्वतःचं संशोधन करायला देतात. विषय मांडायचा, निवड झाली की एक मार्गदर्शक मिळतो, प्रयोगशाळा वापरायला मिळते, आणि वर्षाअखेरीस सगळ्यांसमोर सादरीकरण. आमच्या वेळी प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोलचा ज्वालामुखी, तोही वडिलांनी केलेला. आयेशाचा प्रकल्प मात्र खराखुरा होता. तिचा मोठा भाऊ शहाबाज जन्मापासून अंध. काकूंच्या कॅसेटी ऐकून तो बी.ए. झाला. त्या सगळ्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून काकूंचा आवाज कॉम्प्युटरला शिकवायचा, म्हणजे कुठलंही नवं पुस्तक त्याच आवाजात वाचून मिळेल, अशी तिची कल्पना.

“आजी, तुम्ही वाचायचं थांबलात, पण सिलॅबस थांबत नाही ना,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. काकूंना हे वाक्य आवडलं. फिती वापरायला त्यांनी हो म्हटलं. तयार झालेला आवाज ऐकून शेवटचं संमतीपत्र द्यायचं, असं ठरलं.

तर मी बेल दाबली. दार उघडायला काकूंना वेळ लागला. चेहरा पांढराफटक, आणि डोळे मात्र लग्नघरात असतात तसे लकाकणारे.

“ऐकलंस?” त्या कुजबुजल्या. “हे आहेत त्याच्यात.”

टेबलावर आयेशाने दिलेला एक फोन होता. तिने सकाळीच त्यात तो आवाज घालून दिला होता. काकूंनी थरथरत्या बोटाने चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. त्यांचा स्वतःचा जुना आवाज त्या ओळी वाचू लागला. ओळी संपल्या, आणि काका खोकले.

मला त्या खोलीत थांबवेना.

संध्याकाळी मी फोन केला तेव्हा आयेशा ओशाळून मला म्हणाली, “काकू, सॉरी. माझ्या डोक्यातच आलं नाही. शब्दांवरचा नॉइज मी साफ केला, पण पॅराग्राफच्या शेवटचं तसंच राहिलं. दरवेळी तिथे खोकला. मॉडेलला वाटलं, वाचायचं म्हणजे असंच असतं, पॅरा संपला की खोकायचं.”

“बरं शिकलंय तुझं यंत्र,” मी म्हटलं. “आता त्याला तेरावं करायलाही शिकव.”

ती दुरुस्त करते म्हणाली. काकूंनी नको सांगितलं. आणि मग ते सुरू झालं. दिवसभर भिंतीपलीकडून वाचन. हात थरथरत असल्यामुळे एकेक ओळ लिहायला काकूंना किती वेळ लागायचा, पण त्या लिहीत बसायच्या. वर्तमानपत्रातले अग्रलेख, औषधाच्या खोक्यातला कागद, सोसायटीची पाण्याची टाकी धुण्याची सूचना. सूचना कधी कोणी इतक्या सुंदर वाचली नसेल. ‘रहिवाशांनी सहकार्य करावे’, आणि शेवटी काका खोकले. माझी पोळी तव्यावर करपायची. मी टीव्ही मोठा केला, तरी माझा कान त्या भिंतीकडेच. खोकला आला की अंगावर काटा, आणि यायला उशीर झाला तर त्याहून मोठा.

“काकू, बंद करा हे,” मी एकदा सरळ सांगितलं.

“कोणाला बंद करू?” त्यांनी विचारलं.

काही दिवसांनी त्यांनीच मला बोलावून घेतलं. “इकडे बैस. ऐक.” आधी त्यांनी एक छोटा परिच्छेद लावला, दोन ओळींचा. शेवटी घसा साफ केल्यासारखा हलका खोकला. मग त्यांनी पानभराचा परिच्छेद लावला. तो वाचून होईपर्यंत काकू माझ्याकडे बघत बसल्या. संपला, आणि जो खोकला सुटला तो ऐकवेना. आतडी पिळवटल्यासारखा, थांबतच नव्हता.

“तेवढा वेळ धरून बसायचे ते,” काकू म्हणाल्या. “मी वाचत राहायचे. मला वाटायचं, परिच्छेद संपल्यावर आपसूक येतो.”

यंत्राला कसलं दुःख असणार! मोठ्या परिच्छेदानंतर फितीवर मोठा खोकला होता, म्हणून तेही मोठा काढत होतं. मला हे समजत होतं. तरी त्या दिवसापासून मी त्यांच्या घरात काकांच्या खुर्चीकडे पाठ करून बसायचं टाळू लागले.

सगळ्यात वाईट दुपार पुढेच होती. काकूंनी दार इतकं ठोठावलं की मला वाटलं पडल्याबिडल्या. बाहेर त्या अनवाणी उभ्या.

“मध्येच बंद पडलं गं. चार्जिंग गेलं. परिच्छेद अर्धाच झालाय.”

“मग लावू चार्जरला. त्यात काय?”

“अगं, ते तसेच बसलेत!”

मी त्यांना धरून आत नेलं. त्या खुर्चीकडे बघत होत्या, आणि खरं सांगते, मीही बघितलं. खुर्ची रिकामी होती. पण हजार रुपये देऊन कोणी मला तिच्यावर बैस म्हटलं असतं तर मी बसले नसते. फोन सुरू होईपर्यंत काकूंनी श्वास धरून ठेवला होता, आणि लक्षात आलं तेव्हा मीही. परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून लावला. शेवटी ते खोकले, तेव्हा काकू खाली बसल्या आणि हमसून रडल्या.

मी आयेशाला फोन करून वाट्टेल ते बोलले. म्हातारीचा जीव जाईल आणि तुला मार्क मिळतील, असंही बोलले. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः आली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन.

“खोकला काढलाय,” ती म्हणाली. “माझ्या मार्गदर्शक सरांनाही तो नकोच होता. आता फक्त तुमचा आवाज, आजी.”

तिने लॅपटॉपवर लावला. काकूंचा आवाज, परिच्छेद, मग शांतता. खोकला नव्हता. पण जितका वेळ खोकला चालला असता तितकाच वेळ आवाज थांबला, आणि मग पुढचा परिच्छेद सुरू झाला. तो संपला. पुन्हा तशीच शांतता. खोकल्यापेक्षा ही शांतता भयंकर होती. कोणीतरी तोंडावर रुमाल दाबून त्या खोलीत बसलंय, असं मला स्पष्ट वाटलं.

काकूंनी हात पुढे करून लॅपटॉप मिटला.

“मी निदान परिच्छेद संपल्यावर सोडायचे,” त्या म्हणाल्या. “तू तेही ठेवलं नाहीस.”

“आजी, ते आता त्यात नाहीतच. मी सगळं काढलंय.”

“काढलं नाहीस. गप्प बसवलंस. ते काम मी पुष्कळ केलंय, तुझी गरज नाही.” आणि पुढे म्हणाल्या, “मी सही देणार नाही.”

आयेशाचा चेहरा उतरला. सही नाही तर प्रकल्प नाही. वर्षाचं काम मातीत, आणि ज्या मुलांसाठी केलं त्यांनाही आवाज मिळणार नाही. तिने काकूंशी वाद घातला नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली.

“ती गॅप कापणं दोन मिनिटांचं काम आहे काकू,” ती म्हणाली. “पण आजींना कळेल ना?”

“कळेल,” मी म्हटलं. “मलाही कळेल.”

चहा घेऊन आम्ही दोघी परत गेलो तेव्हा काकू खिडकीशी उभ्या होत्या.

“त्यांना मध्येच खोकू दे,” त्या म्हणाल्या. “वाक्य अर्धं असताना. पाहिजे तेव्हा. मी थांबेन.”

आयेशा हळूच म्हणाली, “आजी, त्याने जे ऐकलंय तेच त्याला येतं. तुम्ही वाक्याच्या मध्ये थांबलाय, असं एकही रेकॉर्डिंग नाही.”

“एकही नाही?”

“मी सगळी ऐकलीत.”

काकूंनी मान खाली घातली. मला त्या पोरीचा राग आला, आणि लगेच कळलं की खोटं बोलली असती तर जास्त राग आला असता.

“मग आता थांबते,” काकू म्हणाल्या. “ध्वनिमुद्रित कर. शिकव त्याला.”

असं ते काम सुरू झालं. रोज दुपारी. पहिल्या दिवशी आयेशा सवयीने खिडकी लावायला गेली, तर काकू म्हणाल्या, “उघडी असू दे. पंखाही लाव.” नॉइजवर शिकलेलं सगळं आयेशाने त्या दिवशी गिळलं. पंखा घरघरू लागला, खालून स्कूटरी, भाजीवाला, कोणाचं तरी भांडण. काकूंच्या हातात दहावीचं भूगोलाचं पुस्तक. समोर काकांची खुर्ची. आयेशाजवळ जुन्या फितींवरचे काकांचे खोकले. काकूंनी त्या गेलेल्या, चिरक्या आवाजात वाचायचं, आणि आयेशाने मनाला येईल तिथे बटण दाबायचं.

पहिल्यांदा दाबलं तेव्हा काकू थांबल्या नाहीत. खोकला चालू, आणि काकू त्यावरून वाचतायत, उलट जरा जोरातच. जित्याची खोड! दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी पडली आणि त्यांनी खुर्चीकडे रागाने पाहिलं. मग स्वतःच्याच लक्षात आलं. पुस्तक मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, “मला नाही जमत गं.”

“पुन्हा करू, आजी,” आयेशा म्हणाली.

दोन-तीन दिवस असेच गेले. आणि एका दुपारी काकू पठारावरच्या काळ्या मातीबद्दल वाचत असताना काका खोकले, आणि काकू थांबल्या. ‘कापसा’ म्हणून थांबल्या, ‘साठी’ राहिलं. खोकला लांबला. त्या थांबूनच होत्या. पुस्तक त्यांनी मिटलं, बोटही आत ठेवलं नाही. खुर्चीकडे वाकून, जो काही आवाज उरला होता त्यात म्हणाल्या,

“पाणी आणू का हो?”

आयेशाने पुढचं बटण दाबलं नाही. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. मी रडले. लपवण्यासारखं त्यात काय आहे! इतक्या वर्षांत त्या घरात हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता, आणि आता उत्तर द्यायला माणूस नव्हता.

त्यानंतर मात्र त्या दरवेळी थांबू लागल्या. कधी नुसत्या थांबत, कधी ‘सावकाश’ म्हणत, कधी पाण्याचं विचारत. भिंतीपलीकडे वर्तमानपत्रं वाचणं बंद झालं. आयेशाने दिलेला तो फोन काकूंनी तिला परत केला, आपण होऊन.

सादरीकरणाच्या दिवशी मी काकूंना रिक्षाने विद्यापीठात घेऊन गेले. मोठं सभागृह, मुलांचे प्रकल्प एकामागून एक. कोणी मुठेतल्या माशांवर काम केलेलं, कोणी बसथांब्यावर बसवलेलं नाटक. पोरांच्या चेहऱ्यांवर आमच्या वेळी नसलेला धीटपणा होता. आयेशाचा नंबर आला. पुढच्या रांगेत शहाबाज मान तिरकी करून बसला होता. ती थोडक्यात बोलली, तिने खोकले बाजूला ठेवलेत, यंत्राला आवाज आजींच्या जुन्या फितींवरून आणि थांबणं त्यांच्या नव्या वाचनावरून शिकवलंय, एवढंच सांगितलं, आणि आवाज सुरू केला.

तो काकूंचा तरुण आवाज होता. स्वच्छ, ठाम. सभागृह गप्प झालं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचं वाचन चाललं होतं, आणि एका वाक्याच्या मध्येच आवाज थांबला. मग, खालच्या पट्टीत, अगदी जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, “पाणी आणू का हो?” क्षणभर थांबला, आणि उरलेलं वाक्य पूर्ण केलं.

सगळे हसले. शहाबाज हसला नाही.

मंचावरच्या परीक्षकांपैकी एक गृहस्थ हसत-हसत म्हणाले, “उत्तम काम आहे. पण हे मध्येच पाणी कोणाला? चूक दिसतेय काहीतरी. मुलांना देण्याआधी हे काढता येईल ना?”

आयेशा उत्तर देऊ शकली असती. तिला ते येत होतं. पण ती आमच्या दिशेने वळली आणि काकूंकडे बघत राहिली. काकूंची सही अजून व्हायची होती; तिचे मार्क, तिचं वर्ष, सगळं त्या एका उत्तरावर होतं, तरी तिने ते स्वतः दिलं नाही.

काकू माझा दंड धरून उठल्या. त्या काय बोलतात ते ऐकू येईना, म्हणून ते गृहस्थ खाली उतरून आमच्यापाशी आले आणि वाकले.

“काढा आता,” काकू त्यांना म्हणाल्या. “त्यांचं पाणी पिऊन झालं.”

आणि त्यांनी आयेशाकडे सहीसाठी पेन मागितलं.